‘वॉक टू एमाऊस’ला जायचं का? तीन दिवस आत काय चालतं, आणि चौथ्या दिवशी काय बिघडतं

प्रश्न थोडक्यात असा. नगरच्या एका ताईंचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त टेक्ससमध्ये, डॅलसजवळ राहतो. तिथल्या मेथडिस्ट मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) एका मित्राने ‘वॉक टू एमाऊस’ला चल म्हणून त्याचा पिच्छा पुरवलाय. गुरुवारी संध्याकाळी जायचं, रविवारी संध्याकाळी परत. फोन आणि घड्याळ काढून ठेवायचं. पुरुषांचा वीकेंड वेगळा, बायकांचा वेगळा. आणि आत काय होतं असं विचारलं की ‘येऊन तर बघ’ एवढंच उत्तर मिळतं. ताईंनी तीन गोष्टी विचारल्यात: हा काही पंथ-बिंथ तर नाही ना, आत नक्की काय चालतं, आणि चांगलं असेल तर आपल्या मंडळीत असं काही सुरू करता येईल का?

पंथ नाही. टेनेसी राज्यात नॅशव्हिलला ‘द अपर रूम’ ही युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या छत्राखालची संस्था आहे, तिचा हा कार्यक्रम. मेथडिस्टच असायला हवं असं नाही, पण येणारा कुठल्या तरी मंडळीत रुजलेला असावा अशी अपेक्षा असते. परत आल्यावर त्याने त्याच मंडळीत जायचं. एमाऊसचं वेगळं चर्च नाही, रविवारची वेगळी उपासना नाही, कुणी दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) मागत नाही. माणसाला त्याच्या आधीच्या माणसांपासून तोडतात का, एवढं पाहिलं तरी पंथ ओळखू येतो. इथे नियम नेमका उलटा आहे: तुला तुझ्या घरी आणि तुझ्या मंडळीत परत पाठवण्यासाठीच हे आहे, असं पहिल्या दिवसापासून सांगतात.

लपवाछपवीची तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचा दोष बोलावणाऱ्यांकडे जातो. यात गुप्त काही नाही आणि विचारेल त्याला सांगावं, अशीच अपर रूमची भूमिका आहे. तरी लोक ‘येऊन बघ’ म्हणतात, कारण आपण अनुभवलेली गंमत दुसऱ्यासाठी फुकट जाऊ नये असं त्यांना वाटतं. हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात शंका उभी राहते. भावाने मित्राला सरळ विचारावं: वेळापत्रक कसं असतं, बोलणारे कोण असतात, पैसे किती आणि कोण भरतं, नंतर माझ्याकडून काय अपेक्षा आहे? यातल्या एकाचंही धड उत्तर मिळालं नाही, तर तो वीकेंड सोडून द्यावा. पुढचा येतोच.

आता हे आलं कुठून, ते सांगायला हवं, कारण त्यातच पुढच्या सगळ्या गोष्टींची किल्ली आहे. मूळ स्पेनमधलं, मायोर्का बेटावरचं, आणि कॅथलिक. ‘कुर्सियो दे क्रिस्तियांदाद’, म्हणजे ख्रिस्ती जीवनाचा छोटा अभ्यासक्रम. 1940च्या दशकात तिथल्या कॅथलिक युवकांची संघटना सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या मोठ्या यात्रेची तयारी करत होती. यात्रेत मुलांचं नेतृत्व करणाऱ्यांसाठी छोटे अभ्यासवर्ग भरत. एदुआर्दो बोन्निन नावाचा तरुण त्यात होता. तो धर्मगुरू नव्हता, प्रापंचिक होता. लष्करी सेवेत त्याने बराकीतलं जग जवळून पाहिलं होतं. तिथल्या माणसांना चर्चची भाषा कळत नव्हती, आणि ती माणसं वाईट होती असंही नव्हतं. माणसाला त्याच्या भोवतालासकट ओळखल्याशिवाय त्याच्याशी देवाविषयी बोलण्यात अर्थ नाही, हा बोन्निनचा मुद्दा. त्यातून त्याने एक भाषण तयार केलं, आणि भोवतालाचा अभ्यास या नावाने ते आजही कुर्सियोच्या तिसऱ्या दिवशी होतं.

पहिला कुर्सियो कोणता, यावर या चळवळीत अजून वाद आहे. बोन्निनच्या बाजूचे लोक ऑगस्ट 1944 मध्ये काला फिगेराला झालेला वर्ग धरतात. अधिकृत मोजणीत 7 ते 10 जानेवारी 1949 या तारखांना रांदा डोंगरावरच्या सान ओनोरातो मठात झालेला वर्ग क्रमांक एक मानला जातो. बिशप हुआन एर्वास यांनी चळवळीला आधार दिला. पण 1955 मध्ये त्यांची सियुदाद रेआलला बदली झाली आणि त्यांच्या जागी आलेल्या बिशपांनी 1956 मध्ये मायोर्कात कुर्सियो बंद पाडला. भावनेचा अतिरेक होतो, आपलाच एक गट होतो, गुप्तता पाळली जाते, असे आक्षेप तेव्हापासून आहेत. ताईंच्या मनातला संशय सत्तर वर्षांपूर्वी खुद्द मायोर्कातही होता.

चळवळ मात्र बेटाबाहेर पडली. 1957 मध्ये टेक्ससमधल्या वेको गावी अमेरिकेतला पहिला कुर्सियो झाला. प्रशिक्षणासाठी आलेले स्पॅनिश हवाई दलातले दोन तरुण आणि एक स्पॅनिश धर्मगुरू यांनी तो घेतला, स्पॅनिश भाषेत. इंग्रजीतला पहिला 1961 मध्ये, टेक्ससमध्येच. 1963 मध्ये पोप सहावे पॉल यांनी संत पौलाला कुर्सियोचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं. हळूहळू एपिस्कोपल, लुथरन, प्रेसबिटेरियन लोकांनी आपापली रूपं काढली. ‘ट्रेस डियास’ आलं, तरुणांसाठी ‘टेक’ आलं, फ्लोरिडातल्या तुरुंगात ‘कायरोस’ सुरू झालं. (कायरोसचे स्वयंसेवक घरी भाजलेली बिस्किटं कैद्यांसाठी हजारांनी घेऊन जातात. या सगळ्या कुटुंबातला हा सर्वात खडतर आणि माझ्या मते सर्वात खरा अवतार.) अपर रूमने 1978 मध्ये इलिनॉयमधल्या पिओरियाला प्रोटेस्टंटांसाठी बेतलेला कुर्सियो घेतला, आणि 1981 पासून त्याला ‘वॉक टू एमाऊस’ हे नाव मिळालं. नाव लूककृत शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायातलं: निराश होऊन गावाकडे निघालेले दोन शिष्य, वाटेत सोबत आलेला अनोळखी माणूस, आणि भाकर मोडताना पटलेली ओळख, की हा तर येशूच. तशी या कार्यक्रमाची अमेरिकेतली सुरुवात भावाच्या घरापासून फार लांब झालेली नाही. वेको डॅलसपासून दीड तासावर आहे.

मुंबई, वसई, गोव्याकडच्या कॅथलिकांना ‘मॅरेज एनकाउंटर’ माहीत असतं. तेही स्पेनमधूनच आलं, फादर गाब्रिएल काल्व्हो यांच्याकडून, आणि तेही वीकेंडचंच. पण ते वेगळं आहे. तिथे नवरा-बायको एकत्र जातात, आणि भाषण झालं की प्रत्येक जोडपं एकमेकांना पत्र लिहून आपापसातच बोलतं, गटचर्चा नसते. एमाऊस आणि कुर्सियोत गटचर्चा हाच कणा आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

आता आतलं. मी एमाऊसच्या क्रमाने सांगतो. कॅथलिक कुर्सियोत नावं थोडी बदलतात आणि प्रभुभोजनाच्या जागी मिस्सा असते.

गुरुवारी संध्याकाळी ज्याने बोलावलं तोच, म्हणजे स्पॉन्सर, गाडीने सोडायला येतो. एकटं या, असं सांगत नाहीत. ओळखपाळख, जेवण, थोडी प्रस्तावना, मग उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर चिंतन, आणि त्यानंतर सकाळपर्यंत मौन. पहिल्या रात्रीचं हे मौन बऱ्याच जणांना जड जातं. पण गुरुवारी माणूस ऑफिसातून तडक आलेला असतो, डोक्यात ईमेल चालू असतात, आणि तशाच डोक्याने शुक्रवारी बसला तर पहिली चार भाषणं वाया जातात. म्हणून ते ठेवलंय.

शुक्रवार ते रविवार रोज पाच, अशी एकूण 15 भाषणं. दहा प्रापंचिकांची, पाच पाळकांची. पाळकांच्या पाचांत कृपेचा सलग धागा आहे: आपण ओळखण्याआधीच आपल्यापर्यंत पोचलेली कृपा, नीतिमान ठरवणारी कृपा, कृपेची साधनं, कृपेतले अडथळे, पवित्र करत नेणारी कृपा. हा मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याचा अस्सल क्रम, त्यामुळे मेथडिस्टांना घरचा वाटतो. प्रापंचिकांची दहा या धाग्यात ओवलेली असतात. शुक्रवारी प्राधान्यक्रम, सर्व विश्वासणाऱ्यांचं याजकपण, भक्तीचं जीवन. शनिवारी अभ्यास, ख्रिस्ती कृती, शिष्यत्व. रविवारी आपलं जग बदलणं, ख्रिस्ताचं शरीर, चिकाटी, आणि शेवटचं ‘चौथा दिवस’.

सगळ्यात पहिल्या, प्राधान्यक्रमावरच्या भाषणात देवाचं नावही घ्यायचं नसतं. तुमचा वेळ, पैसा आणि डोक्यातले विचार कुठे जातात ते पाहा, तोच तुमचा खरा प्राधान्यक्रम, एवढंच सांगायचं आणि थांबायचं. कट्टर चर्चवाल्या वक्त्याला हे जमत नाही. तो दहाव्या मिनिटाला वचन काढतो आणि ऐकणारे ‘आलं प्रवचन’ म्हणून खुर्चीत मागे रेलतात. हे भाषण फसलं तर शुक्रवार दुपारपर्यंत टेबलं उघडत नाहीत, म्हणून अनुभवी संयोजक ते सगळ्यात साध्या माणसाला देतात. उत्तम वक्त्याला नाही.

भाषण साधारण 20 मिनिटांचं, पाळकाचं थोडं लांब. प्रत्येकात वक्त्याच्या स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी असावं लागतं. आणि प्रत्येक भाषण काही आठवडे आधी टीमसमोर, म्हणजे वीकेंड चालवणाऱ्या माणसांसमोर, एकदा करून दाखवावं लागतं. तिथे वेळ मोजली जाते, फापटपसारा कापला जातो, आणि मुख्य म्हणजे साक्ष तपासली जाते. जुन्या पापांची रसभरीत वर्णनं, ज्यात बायको किंवा भाऊ ओळखू येईल अशा गोष्टी, अजून भरून न आलेली जखम: हे सगळं तिथेच गाळायचं. नियम सोपा आहे, व्रण दाखवा, ओली जखम नको. वीकेंड बिघडवणाऱ्या वक्त्यांपैकी निम्मे या पूर्वपरीक्षेला ‘वेळ नाही’ म्हणून आलेले नसतात.

भाषण संपलं की लगेच टाळ्या-चर्चा नाही. एक-दोन मिनिटं शांतता. मग टेबल. हे जरा जवळून पाहू, कारण खरं काम इथे होतं. एका गोल टेबलाला पाच-सहा यात्रेकरू (वीकेंडला आलेल्यांना असंच म्हणतात), एक टेबल लीडर आणि एक सहायक. बसण्याची जागा आधीच ठरवलेली, आणि ती मुद्दाम अशी की नातेवाईक, जुने मित्र, एकाच ऑफिसातले लोक एका टेबलावर येत नाहीत. टेबलावर वह्या, रंगीत खडू, शेंगदाणे-चॉकलेटं, मधोमध मोठा कागद. लीडर भाषणाचा सारांश सांगत नाही. तो एवढंच विचारतो, ‘यातलं काय अडकलं तुमच्यात?’ आणि गप्प बसतो. पहिल्या दिवशी ही शांतता अवघडते. नवशिका लीडर ती भरायला स्वतः बोलू लागतो, आणि मग त्या टेबलावर तीन दिवस तोच बोलतो. कसलेला लीडर शेंगदाणे खातो. मग कुणीतरी, बहुधा सगळ्यात अबोल वाटणारा, एक वाक्य बोलतो आणि टेबल चालू होतं. शेवटी त्या कागदावर सगळ्यांनी मिळून एक चित्र काढायचं आणि रात्री बाकीच्यांना ते समजावून सांगायचं. पन्नाशीचे इंजिनीअर खडूने सूर्य काढताना हसतात, ओशाळतात, आणि त्यातच एकमेकांशी सहज बोलू लागतात. चित्र काढायला लावण्याचं कारण तेच.

शनिवारी कृपेच्या साधनांच्या भाषणानंतर प्रभुभोजन असतं. त्यात ज्याला हवं त्याने, आपण काय सोडून द्यायचं ठरवलंय ते मोठ्याने किंवा मनात म्हणायचं. हा वीकेंडमधला सर्वात हळवा भाग. इथे टीमच्या हातून बहुतेकदा एकच चूक होते: रडणाऱ्यांच्या संख्येवरून वीकेंड कसा झाला हे ठरवणं. एकदा ते मोजमाप आलं की संगीत लांबतं, दिवे मंद होतात, झोपायला एक वाजतो, आणि दमलेली माणसं रडतातच. त्यात आत्म्यापेक्षा अपुऱ्या झोपेचा वाटा जास्त. रात्री वेळेवर दिवे घालवणं हा टीमप्रमुखाच्या हातातला सगळ्यात आध्यात्मिक निर्णय आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

पुढचा परिच्छेद ताईंनी भावाला पाठवू नये.

वीकेंड चालू असताना बाहेरची मंडळी त्या प्रत्येक नावासाठी तास वाटून घेऊन प्रार्थना करत असते. स्पॅनिश शब्दच वापरतात, ‘पालांका’, म्हणजे तरफ. कोणी जेवण सोडतं, कोणी पहाटे उठतं, कोणी चिठ्ठी लिहून पाठवतं. बहुतेक ठिकाणी शनिवारी रात्री आधीच्या वीकेंडची माणसं मेणबत्त्या घेऊन गात उभी असतात, आणि रविवारी प्रत्येकाच्या हातात पत्रांची पिशवी येते. बायकोचं, मुलांचं, आईचं, मित्रांचं पत्र. स्पॉन्सरने ती महिनाभर आधी गुपचूप गोळा केलेली असतात. तेव्हा ताई, तो मित्र तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पत्र मागेल. मराठीत लिहा, हाताने लिहा, फोटो काढून पाठवा, त्याला छापून घेता येईल. उपदेश करू नका. एखाद्याच्याच पिशवीत पत्रं नसतील तर ते सगळ्यांना दिसतं, म्हणून चांगला संयोजक पत्रं आधी मोजतो आणि कमी असतील तिथे फोन फिरवतो.

भेटवस्तूंचं मात्र अमेरिकेत अती होतं. उशीवर रोज चार-पाच छोट्या वस्तू, प्रत्येकीवर वचन. पहिली मनाला भिडते, सोळावी कचऱ्यात जाते. शहाणी मंडळी त्यावर मर्यादा घालतात.

रविवारी संध्याकाळी समारोपाला आधीचे लोक जमतात आणि प्रत्येक यात्रेकरूला दोनच प्रश्न असतात: तुला इथे काय मिळालं, आणि आता तू त्याचं काय करणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जितकं लहान आणि नेमकं, तितकं टिकण्यासारखं. ‘माझं आयुष्य देवाला दिलं’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘दोन वर्षं भावाशी बोललेलो नाही, मंगळवारी फोन करणार’ म्हणणाऱ्याबद्दल जास्त आशा बाळगावी.

जाण्याआधीच्या व्यवहाराच्या गोष्टी. घड्याळ-फोन काढून ठेवणं ही विनंती असते, सक्ती नाही. दर थोड्या वेळाने ‘आता काय, किती वाजले’ यात अडकू नये हा त्याचा हेतू. पण मधुमेह असेल, वेळेवर इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी असेल तर घड्याळ हातातच ठेवावं आणि अर्जात तसं लिहावं. खाण्याची चंगळ असते आणि त्यात साखर भरपूर, हे मधुमेह्यांनी विशेष ध्यानात घ्यावं. शाकाहार किंवा बीफ-पोर्क नको असेल तर तेही अर्जातच. गुरुवारी रात्री सांगून स्वयंपाकघराची तारांबळ उडते. घोरण्यासाठी मशीन लावत असेल तर तशी खोली मागावी. घरच्यांकडे स्पॉन्सरचा आणि जागेचा असे दोन नंबर असावेत. तातडीचा निरोप लगेच पोचवतात. आणि कधीही, कुठल्याही क्षणी निघून जाता येतं.

सगळ्यांनी जावं असं मात्र नाही. नुकतंच कुणी गेलंय, घटस्फोट चालू आहे, नैराश्याचे उपचार सुरू आहेत, दारू सुटून चार दिवस झालेत, अशा माणसाला नेऊ नये. त्याला तीन दिवसांच्या भावनांच्या भरतीपेक्षा समुपदेशक आणि वेळ हवा असतो. ‘याला देव भेटला की सुधारेल’ म्हणून नवऱ्याला ढकलणाऱ्या बायका आणि बायकोला ढकलणारे नवरे स्पॉन्सरने ओळखायला शिकावं. लग्न झालेल्यांच्या बाबतीत दोघांशी एकत्र बोलायचं, आणि दोघांनीही एकामागोमाग एक अशा वीकेंडना जायचं ठरवलं तरच अर्ज भरायचा, ही जुनी आणि उत्तम पद्धत आहे. एकच जण गेला तर तो सोमवारी स्वतःची नवीनच भाषा घेऊन घरी येतो, आणि दुसऱ्याला वाटतं आपण मागे राहिलो. ताईंच्या वहिनी ख्रिस्ती नसतील किंवा त्यांना यात रस नसेल, तर भावाने जायच्या आधीच त्यांच्याशी मोकळं बोलून घ्यावं. परतल्यावर आठवडाभर वीकेंडविषयी त्यांनी विचारल्याशिवाय बोलू नये.

स्पॉन्सरचं काम अर्ज भरून संपत नाही. चार दिवस मुलांना शाळेत कोण सोडणार, अंगणातलं गवत कोण कापणार, हेही त्याने पाहायचं असतं. वीकेंडनंतरच्या पहिल्या महिन्यात नव्या माणसाला गटात बसवणं हे त्याचं सर्वात मोठं काम, आणि सर्वात जास्त टाळलं जाणारंही तेच.

आता मूळ मुद्दा, जो बोन्निनपासून चालत आलाय. तीन दिवस ही मधली पायरी आहे. आधी कोणाला आणि का बोलवायचं हे ठरवायचं, मग तीन दिवस, मग उरलेलं आयुष्य, म्हणजे ‘चौथा दिवस’. एमाऊसमध्ये असो की कुर्सियोत, या उरलेल्या आयुष्याला आधार देणारी दोनच साधनं आहेत. एक मोठी सभा, कॅथलिकांत तिला ‘उल्त्रेया’ म्हणतात, साधारण महिन्यातून एकदा. दुसरा दर आठवड्याचा छोटा गट. सभा कुठेही टिकते, कारण तिथे गाणी आणि खाणं असतं. मोडतो तो छोटा गट, आणि तो मोडला की वीकेंड नुसती आठवण बनतो. मग माणूस ती आठवण ताजी करायला पुन्हा टीममध्ये काम करतो, पुन्हा, पुन्हा, दर सहा महिन्यांनी. अशी वीकेंडवर जगणारी माणसं प्रत्येक एमाऊस समाजात (एका भागातल्या एमाऊसवाल्यांच्या गोतावळ्यात) असतात. त्यांच्या स्वतःच्या मंडळीत विचारलं तर रविवार-शाळेला शिक्षक मिळत नाही. पाळकांचा या चळवळीवरचा राग बहुधा इथून सुरू होतो, आणि तो रास्त आहे. त्यात परतलेली माणसं चर्चमध्ये एकमेकांना ‘दे कोलोरेस’ म्हणून वेगळं अभिवादन करू लागली, आपापसात हसू लागली, की न गेलेल्यांना आपण परके आहोत असं वाटतं. अभिवादन वीकेंडपुरतं ठेवावं.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाला, नगरमध्ये सुरू करता येईल का याला, माझं उत्तर उलट्या टोकाकडून आहे. इंटरनेटवरून भाषणांचे आराखडे उतरवून ‘आपला एमाऊस’ करू नका. पहिलं कारण म्हणजे ते करारावर चालतं: एमाऊससाठी अपर रूमशी करार लागतो, कुर्सियोसाठी बिशपांची संमती आणि चळवळीचं सचिवालय. दुसरं कारण हिशेबाचं आहे. 30-36 यात्रेकरूंच्या वीकेंडला टेबल, संगीत, स्वयंपाक, प्रार्थना आणि पाळक धरून जवळपास तितकीच टीम लागते, आणि ती स्वतः हा अनुभव घेतलेली असावी लागते. ती माणसं आणायची कुठून? जिथे नवा एमाऊस समाज उभा राहतो तिथे शेजारचा जुना समाज आपली टीम घेऊन येतो, पहिले वीकेंड तोच चालवतो. नुसत्या कागदांवरून केलेला एमाऊस म्हणजे रडवणारं शिबिर होतं, आणि तसली शिबिरं आपल्याकडे कमी नाहीत.

छोट्या गटाला मात्र कुणाची परवानगी, पैसा, हॉल लागत नाही. चौघं पुरेत, सहाच्या वर नको. तासाला चार जण असले तर प्रार्थना वगळून प्रत्येकाला बारा-तेरा मिनिटं मिळतात. आठ जण झाले की सहा-सात, आणि मग दोघंच बोलतात. पुरुषांचा गट वेगळा, बायकांचा वेगळा. आठवड्याचा एक वार आणि वेळ ठरलेली. पवित्र आत्म्याला आवाहन करणारी छोटी प्रार्थना, मग प्रत्येकाने क्रमाने चार गोष्टी सांगायच्या. या आठवड्यात प्रार्थना आणि भक्ती कशी झाली. काय वाचलं, काय शिकलो. कुणासाठी काय केलं, आणि काय करायचं राहिलं किंवा फसलं. आणि ख्रिस्त सर्वात जवळ वाटला तो क्षण कोणता. मग एका वाक्यात पुढच्या आठवड्याचा बेत. तो कार्डावर लिहून ठेवायचा, कारण पुढच्या वेळी सुरुवात त्यापासून होते.

आपल्या घरगुती प्रार्थना सभेपेक्षा हे वेगळं आहे आणि तेच सांभाळणं अवघड जातं. इथे संदेश देणारा कोणी नाही. कुणी बोलत असताना बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, वचन ऐकवायचं नाही, ‘मलाही असंच झालं’ म्हणून मध्ये घुसायचं नाही. मंडळीच्या कमिटीचा विषय निघाला की लगेच थांबवायचा, नाहीतर तासातली चाळीस मिनिटं त्यातच जातात. चहा शेवटी, आधी ठेवला तर सुरुवात वीस मिनिटं लांबते. ऐकलेलं बाहेर जाता कामा नये, पाळकांकडेसुद्धा. एकदा फुटलं तर तो गट मोडून नवा करा, जुना सांधत बसू नका. पाळकांना गट आहे हे मात्र आधीच सांगून ठेवा. मागून कळलं तर उगाच वेगळी चूल मांडल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणीतरी म्हणेल, ‘या आठवड्यात माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही.’ समजूत घालू नका, बहाणा समजू नका. कार्डावर तसंच लिहू द्या आणि पुढच्याकडे वळा.